चार कॅमेऱ्यांत आई

२ नोव्हेंबर, रविवार
मार्चनंतर इथे एकही ओळ नाही. क्षमस्व. क्षमा कोणाची मागतोय, हा प्रश्न आहेच; वाचणारा मीच. कारण आळस नव्हे, कामं. (थोडा आळस.)

विषय आई. पाथर्डीकडच्या आमच्या गावात ती एकटी. दिवाळी झाली आणि अख्खी आळी ऊसतोडीला गेली. उरल्या ती आणि शेजारच्या राहीमावशी. गेल्या महिन्यात आई ओसरीवरून घसरली, पाय मुरगळला. मला कळलं आठवड्याने, तेही मावशींकडून. केडगावला ये म्हटलं, तर म्हणते, तुझ्या फ्लॅटात काय भिंतीसंगं बोलू?

निर्णय : गावच्या घरी चार कॅमेरे, एक डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा. इथून मोबाईलवर आई रोज दिसेल. दुकानदार म्हणाला, फिटिंगला माणूस देतो. नको म्हटलं. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं.

आईची परवानगी घेतली का? घेतली. म्हणजे, सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार
गावी. दिवसभर शिडीवर. आई खाली उभी राहून, पडशील रं, पडशील. मग पडलो. फार नाही.

सगळ्या वायरी डीव्हीआरला जोडल्या. पडदा काळा. बऱ्याच वेळाने उमगलं की कॅमेऱ्यांना वीज वेगळी द्यावी लागते, आणि अॅडॉप्टर केडगावला टेबलावर आहे. माहितीपत्रकात हे ठळक छापायला हवं होतं. (ठळकच छापलंय.)

हुलग्याची शेंगोळी. दोनदा वाढून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार
अॅडॉप्टर जोडला. चित्र आलं! चारही! राहीमावशी ओरडल्या, अगं चांगुणे, टीव्हीत आलीस की, पदर तरी नीट घे. आईने घेतला.

आता दर रविवारी एसटीचे धक्के नकोत. हे बायकोला, माधुरीला, सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आईंना भेटणं बंद? म्हटलं, उलट, रोज भेट. ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पटलं असावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चारही चित्रं लाल. ओसरी लाल, अंगण लाल, शेळी लाल. निदान : कलर सेटिंग.

२० नोव्हेंबर
सेटिंग बदललं. आता सगळं जांभळं. प्रगती आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
गावी. सोबत नवे कनेक्टर, नवी वायर. सगळं बदललं, सेटिंगही मूळचं केलं. तरी लाल. शेवटी शिडी लावून कॅमेऱ्याच्या काचेला बोट लावलं. बोट लाल.

कुंकू.

आई म्हणाली, मंग? नवी वस्तू घरात आली, पूजा करू न्हाई व्हय? वर कोण चढलं, विचारलं. राही चढली, मी शिडी धरली. दोघी सत्तरीच्या! रेकॉर्डिंग काढून पाहिलं. सगळं आहे : पदर खोचलेल्या मावशी, ताटलीतलं हळद-कुंकू, खाली आई, डुगडुगणारी शिडी. मी तेव्हा ऑफिसात होतो. मोबाईल खिशात होता.

काचा पुसल्या. आईला समजावलं, आता लख्ख दिसेल, पुढच्या रविवारी यायची गरज नाही. ती म्हणाली, व्हय का. एवढंच.

२९ नोव्हेंबर, शनिवार
चित्र उत्तम. आठवडाभर एकही बिघाड नाही. मानसिक समाधान.

फक्त, आई दिसत नाही. सोमवारपासूनच. आधी वाटलं, कामात असेल. आज चारही चॅनेल पुन्हा पुन्हा पाहिले. अंगण आहे, ओसरी आहे, शेळी रवंथ करते आहे. आई नाही. फोन लावला.

पहिल्याच रिंगला तिनेच उचलला. कुठे आहेस, विचारलं. म्हणाली, घरातच हाय की. चुलीमागं, कोपऱ्यात. तिथं तुझा डोळा पोचत न्हाई. आठवडा झाला, हितंच बसती. राही बी हितंच येती गप्पा मारायला. बरी आहेस ना? लई बरी हाय. मग दिसत का नाहीस, म्हटलं.

म्हणाली, दिसंना व्हय? मंग येऊन बघ की.

फोन ठेवल्यावर, कॅमेऱ्याची जागा चुकली का, याचा प्रामाणिकपणे विचार केला. चुलीमागेही वायर ओढता येईल का, तेही मनात मोजलं. मग माधुरीकडे पाहिलं. ती आधीच पिशवी भरत होती.

उद्या : पाथर्डीची पहिली एसटी.