दगडाचा अर्धा वाटा

मी, हिमानी उद्धव अढाव, वय सत्तावीस, राहणार वरवट बकाल, पूर्ण भानावर असताना आणि कुणीही भाग न पाडता हे मृत्युपत्र लिहिते. हृदयाच्या तिसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर तयार नाहीत, म्हणून आताच.

१. बँकेतली शिल्लक व शिलाई मशीन आई सुहासिनी हिला. मशीनचा पट्टा सैल आहे, तो आधी बदलावा.

२. तुरीच्या वावरात पडलेल्या उल्केबाबत. मला अक्षरओळख आजोबा पुंजाजींनी घरीच करून दिली, हा दगडही त्यांनीच समजावला. वर दोन दगड आदळतात, तुकडे होतात, तुकडे पुन्हा एकमेकांवर आदळतात, शेवटी धूळ उरते; ती आपल्या छपराच्या टिनांवरही पडत असते, असं ते सांगत. ते गेल्यावर वावर, विहीर वाटली गेली. दगड राहिला. गोकुळकाका बाबांना म्हणाले, "बापाचं हाय, दादा. दोघाइले सारखं भेटलं पाह्यजे." घणानं दोन तुकडे केले. काकांनी आपल्या तुकड्याला शेंदूर लावून तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसवला. खाली भुकटी पडली होती. काका हसून म्हणाले, "झडलं ते पोरीले घेऊ दे." बाबा आपला तुकडा उचलून घराकडे निघाले. हे मी विसरलेले नाही.

३. बाबांकडच्या तुकड्यात माझा जो काही हक्क असेल, तो मी भाऊ देवेश याच्या नावे सोडते. अट एकच, तुकडा अखंड ठेवावा. देवेश मला म्हणाला आहे, "तुह्या वाट्याचा अर्धा फोडून अस्थीसंगं पूर्णेत सोडतो, ताई. अन्याय नाही होऊ देत." तो मनापासून बोलला. घणही आणून ओसरीत ठेवला आहे. देवेश, मला अर्धा नको. मी हे तोंडी सांगितलं तेव्हा तू रडलास आणि घण तिथेच राहू दिलास. कागदाचं तरी ऐकशील, असं वाटत नाही.

४. ती भुकटी मी लोहचुंबकानं वेचून बाटलीत ठेवली आहे. वाटणीपत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून वकिलांना विचारून घेतलं. ती माझीच आहे. बाटली, चुंबक आणि भिंग गोकुळकाकांची मुलगी करिष्मा हिला. तिच्या वाट्याला वेगळं काही येईल, असं दिसत नाही. देवेशनं घण मारलाच, तर ओसरीत पडेल ते तिनं गोळा करावं. बाटलीत जागा आहे.

साक्षीदारांना यातलं काहीही मिळत नाही. मुद्दाम तसेच निवडले. दोघांसमोर वाचून सही केली.

हिमानी उद्धव अढाव

साक्षीदार: १. उत्तमराव बोदडे २. विमलबाई दामधर

वरवट बकाल, २३ फेब्रुवारी २०२५