बाबांचे स्केट्स

प्रिय बाबा,

वित्स्केचा मायेचा नमस्कार. मी बरी आहे, पाठ तेवढी मोडलीय. नॉर्वेतही चार दिवस पाऊसच आहे. आमचा स्केटिंगचा रिंक उघड्यावरचा. खालच्या गार नळ्या बर्फ गोठवतात आणि वरून आभाळ तो वितळवतं. सकाळपासून बर्फ सपाट करायच्या यंत्रावर बसून नुसतं पाणी लोटतेय.

"नळ्यांनी गोठवलेला बर्फ म्हणजे डब्यातलं दूध," असं तुम्ही म्हणता. म्हणा. पण काल या बर्फावर शाळेची चाळीस मुलं खेळून गेली आणि एकही बुडालं नाही.

तुमचा लेक दाऊवे फोनवर सांगत होता, आपल्या कालव्यावर बर्फाची जेमतेम साय धरलीय आणि तुम्ही रोज काठीने ठोकून पाहता. गावात बर्फावर पहिलं उतरायचा मान तुमचाच, ठाऊक आहे. गेल्या वर्षी कमरेपर्यंत भिजून आलात आणि वर हसलात. आम्ही नाही हसलो.

गुडघा कसा आहे? वाटाण्याचं सूप पिता ना?

आणि आता माळा उचकणं थांबवा. दाऊवेवर ओरडू नका, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. तुमचे स्केट्स माझ्याकडे आहेत. धार लावून ठेवलीय. हवे असतील तर इथे या.

तुमची चोर लेक,
वित्स्के