जड नाव

४ ऑगस्ट
संपितला पोचलो! जावाहून बोटीने येताना ओकून ओकून आतडी रिकामी झाली, तरी मजा आली. गेल्या साली वीटभट्टी, त्याआधी बंदर. एका जागी माझा पाय टिकतच नाही. मालक पाक जुहरी, सुटल्या पोटाचा माणूस. म्हणाला, "काय रे जावावाल्या, अंधाराला भितोस?" मी म्हटलं, अंधारच मला भितो. खो खो हसला आणि तळलेली केळी पुढे केली.

काम पाकोळ्यांच्या इमारतीत. तीन मजले, खिडकी एक नाही. कर्ण्यांतून पाखरांचा खोटा चिवचिवाट वाजतो, तो ऐकून खरी पाखरं आत येऊन लाळेची घरटी बांधतात; ती सुपासाठी महाग विकली जातात. आपण खालची घाण खरवडायची, झुरळं मारायची. बॅटरी लावायची नाही, पाखरं घर सोडतात.

९ ऑगस्ट
आत पाकोळ्यांनाही दिसत नाही. टक् टक् करत उडतात. आवाज आदळून परत आला की कळतं, इथे भिंत आहे. माझ्या तोंडापासून वीतभरावर वळतात, पंखांचा वारा गालाला लागतो. पाक जुहरी म्हणतो, "माणूस फसेल, पाकोळी नाही. जे आहे ते तिला कळतंच."

मीही टाळूला जीभ लावून टक् करायला शिकलो. खांब कळतो, दार कळतं. फोनवर आईला वाजवून दाखवलं. म्हणाली, पाखरू होऊ नकोस, ईदेला माणूस म्हणूनच घरी ये.

१३ ऑगस्ट
आज दुपारी तिसऱ्या मजल्यावर गंमत म्हणून स्वतःलाच हाक मारली, "वालुयो!"

परत आली, "विराबुमी!"

आवाज माझाच. विचार न करता मी ओ दिली.

विराबुमी हे माझं पहिलं नाव. तिसऱ्या वर्षी तापाने फणफणलो तेव्हा गावचा म्हातारा म्हणाला, नाव जड आहे, पोराला पेलत नाही. मग लाल-पांढरी पेज शिजवून नाव बदललं. आमच्याकडे असं घरोघरी होतं. पण इथे ते नाव कुणाला ठाऊक?

१४ ऑगस्ट
आईला सांगितलं. ओरडलीच, "मेल्या, ओ का दिलीस?" मग रडली. म्हणाली, त्या दिवशी तू गार पडला होतास. कफन कापून झालं होतं. तेवढ्यात उठून बसलास आणि पेज मागितलीस. "कोण उठलं ते मी विचारलं नाही रे. भरवलं, वालुयो म्हटलं. ते पहिलं नाव ज्याचं, तो यायच्या आत तू घरी ये."

बोट रविवारी, अठराला. पाक जुहरी म्हणाला, तोवर तरी खरवड, मग जा आईच्या कुशीत.

झोप नाही. मी उठलेला, की मी मागे राहिलेला? आठवून बघतो. पेजेची चव तेवढी आठवते. त्याच्या आधीचं काहीच नाही.

१६ ऑगस्ट
टक् केलं. जिथे मोकळी जागा असते तिथून परत आलं. माझ्याच उंचीवरून. हात लांबवला— कापड. ऊबदार. माझा चौकड्यांचा शर्ट, तुटक्या बटणाचा. मग माझ्या अंगात काय—

१७ ऑगस्ट
बाहेर स्वातंत्र्यदिन, झेंडे लागलेत. पोरं पोत्यात उड्या मारतायत.

आत पाकोळ्या वळत नाहीत. एक सरळ तोंडावर आली. हात आडवा धरला. धडकली नाही. वारासुद्धा लागला नाही.

पाक जुहरीला सांगायला गेलो. तो माझ्या मागे बघून बोलला, "जावावाल्या, आज टवटवीत दिसतोस!" मागे कोणीतरी हसलं. माझ्यासारखंच—

१८ ऑगस्ट
इमारतीचं दार बाहेरून बंद. पिशवी नाही. अंदाजाने लिहितोय.

फटीतून पाक जुहरी फोनवर— "हो माई, बसवला बोटीत. पोटभर जेवून, हसत गेला. पेज करून ठेवा म्हणाला."

हाका मारतोय. वालुयो. वालुयो. काही परत येत नाही. टक् पण नाही.

आई, पेज देऊ नकोस. या वेळी विचार. कोण ते विचार— मी इथे आहे. मी वा