पदूच्या शेतातली माती

१९ फेब्रुवारी

जेसीबी ओहोळात उतरला. इतके दिवस नुसते खुंट आणि लाल फिती होत्या. आज थेट पात्रात!

सांडपाण्याची लाइन आमच्या दहिवलीच्या इमारतींपासून निघून ओहोळ ओलांडणार. लाइन हवीच. आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी भरली की कुठे वाहते ते प्रत्येकाला माहीत आहे. उद्या वरच्या अंगाला नव्या इमारती होतील, त्यांचंही ओहोळातच येईल. पण लाइन जाते ती लव्हाळ्याच्या पाणथळीच्या कडेने, आणि तिथेच ठाकरवाडीचा डवरा आहे. कमरेइतका खड्डा, आत झिरपणारं पाणी. होळी झाली की वाडी त्यावरच पिते.

वाडीतली जिजा हंडा घेऊन जेसीबीसमोर उभी राहिली. ठेकेदाराचा साईनाथ म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा."

"का रं? जावई हायेस? पाट मांडू?"

साईनाथ हसला. मशीन मात्र बंद केलं.

२२ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या हर्षला इंजिनीअर आल्या. तरुण आहेत, कमी बोलतात. सूचना मोजक्या: ओहोळाचं पाणी पाइपात घेऊन खोदकामावरून पलीकडे सोडायचं, माती पात्रात पडू नये म्हणून वाळूच्या गोण्या लावायच्या, लव्हाळ्यात मशीन घालायचं नाही. साईनाथ म्हणाला, "एवढ्याशा ओहोळाला एवढा थाट?" "हो," एवढंच उत्तर.

जिजा ऐकत होती. "तुमच्या संडासाला एवढा मोठा पायप. नि आमच्या प्यायच्या पान्याला गोनी!" हर्षलाताई लाल झाल्या. पण चिडल्या नाहीत.

२६ फेब्रुवारी

सकाळी डवऱ्यावर बसले. जी बाई पहिली येते ती रात्रीचं शिळं पाणी उपसून टाकते. मग गप्पा मारत बसायचं, ताजं झिरपेपर्यंत. जिजाने करवंटीने पाणी पाजलं. मी विचारलं, आधी कोण भरणार हे ठरतं कसं?

"इथं कुनाला काय इचारायचं नसतं बाय. वाकायचं नि भरायचं."

७ मार्च

पाइप बसले, खाली खडी, वर माती. ओहोळ पुन्हा पात्रात सोडला — नितळ. हर्षलाताईंनी शब्द पाळला. वर्तमानपत्रातला माझा रविवारचा लेख त्यावरच लिहिला. वेळेआधी दिला.

१६ मार्च

लेख छापून आला आणि आजच जिजा दारात. हंडा रिकामा.

"तुमी लिवलंत ना, पानी वाचलं म्हनून? चला, दावते."

डवऱ्यात नुसती ओल. लव्हाळी पिवळी पडू लागलेली. वाडीतल्या बायका आता पळसदरीच्या बाजूला जातात, चढ चढून. त्यांच्यातल्या सोनाबाईचा पाय सुजलाय. तिला कोणी न्यायला तयार नाही, ती थांबायला तयार नाही.

१७ मार्च

हर्षलाताई आल्या. डवरा पाहिला, मग खालच्या शेवटच्या चेंबरपाशी गेल्या. लाइन अजून सुरू नाही, तरी चेंबरच्या बाहेरून पाणी वाहत होतं. स्वच्छ! त्या तिथेच दगडावर बसल्या.

"पाइपखालची खडी. पाणथळीतलं पाणी खडीत शिरलं आणि लाइनबरोबर खाली निघालं. मी वरचं पाणी सांभाळत बसले."

लेखात मीही वरचंच पाहिलं होतं.

१९ मार्च

उपाय आहे. चर ठिकठिकाणी उघडायचा, खडी काढायची आणि तिथे चिकणमातीच्या आडभिंती ठोकून बसवायच्या, म्हणजे पाणी पुढे पळणार नाही. पण ठेकेदाराला रस्ता करायची घाई. आठवड्याची मुदत मिळाली, तीही हर्षलाताई भांडल्या म्हणून.

चिकणमाती आणायची कुठून? खोपोलीकडून टेंपोने आणायची तर निम्मा आठवडा त्यातच जाईल. मीच म्हटलं — वरच्या अंगाला पदू नावाच्या शेतकऱ्याचं भातशेत आहे. जवळचं सोडून लांब कशाला?

पदू लगेच तयार. "न्या की. वरची काळी बाजूला ठेवा, मला परत पसरायची हाय. खालची चिकन न्या."

२३ मार्च

वाडी सगळी उतरली. बांध घालतात तशी माती भिजवून पायांनी तुडवली. साईनाथ पँट दुमडून चिखलात आला. जिजा म्हणाली, "नाच रं जावया! लग्नात असाच नाचलास का?" सगळे हसले. हर्षलाताईसुद्धा — पहिल्यांदाच.

२६ मार्च

चेंबरबाहेरचं पाणी थांबलं!! मुदतीच्या आत.

३० मार्च

डवरा कोरडाच. जिजा रोज तळ खरवडते. मी विचारायचं सोडलं.

२ एप्रिल

पाणी सापडलं. माती काढलेल्या खड्ड्यात, पदूच्या शेतात. गळ्याइतकं, थंडगार.

हर्षलाताईंनी कागदावर रेघा काढून समजावलं. डोंगराकडचं पाणी पदूच्या चिकणमातीखालून पाणथळीत उतरायचं. तो चिकणमातीचा थर झाकण होता. आम्ही झाकणच उचललं, पाणी तिथेच वर आलं, खाली पाणथळीत पोचेना. "खड्डा बुजवू. चिकणमाती आणते, कुठूनही."

पदू मधे उभा राहिला. "बुजवायचा कशाला? बाप गेला माझा, पन या शेतात उन्हाळ्यात थेंब बगितला नाय. यंदा वांगी लावीन, मिरची लावीन." मग जिजाकडे वळून, मनापासून — "तुमाला नाय म्हननार नाय मी. या, न्या पानी. मला नुसतं सांगत जा."

हर्षलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदूकडे. त्याचं काय चुकलं ते मला सांगता येईना.

५ एप्रिल

संपादकांचा फोन — पाणी परत आलं, लेख कधी? पहिल्यांदाच म्हटलं, जमणार नाही.

६ एप्रिल

सकाळी गेले. खड्डा काठोकाठ भरलेला. जिजा हंडा घेऊन बांधावर उभी होती. पदू बाजाराला गेला होता, शेतात कोणी नव्हतं. म्हटलं, भर की!

ती वाकली नाही. "येऊ दे त्याला," म्हणाली आणि खाली बसली.