टोकाची साखर

४ फेब्रुवारी
साखर झाली एकदाची! यंत्राच्या आलेखावर दोन्ही शिखरं जागच्या जागी.
आईला सांगितलं तर म्हणाली, "साखरेवर काम करतेस म्हणतेस, मग घरात गोड काही का येत नाही?" समजावलं. कुष्ठाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखी चरबी असते, तिला तीन साखरा चिकटलेल्या. अगदी टोकाच्या साखरेला मिथाइलची दोन शेपटं, ही त्या जंतूची खूण. तीच साखर आम्ही बनवतो आणि तबकडीच्या खळग्यात लावतो. रोग्याच्या रक्ताला ती ओळखीची असते, म्हणून खळगा पिवळा होतो. निरोगी माणसाचा पांढराच राहतो. अंगावर काही दिसायच्या आत रोग कळला, तर बोटं वाचतात.
आई म्हणाली, "मग लवकर कर." जणू मी टाळतेय!

७ फेब्रुवारी
रोग्यांचं रक्त दवाखान्यातून आलं. निरोगी माणसं मात्र घरून आणायची, ही आमच्या प्रयोगशाळेची जुनी रीत. एक नंबर स्वतः आमच्या प्रमुख, मॅडम. पाच नंबर आमचा दादा. बेकरीत भट्टीवर असतो, तब्येत ठणठणीत. सिस्टरांना म्हणाला, "घ्या हवं तेवढं. नाहीतरी ही रोज पितेच."

११ फेब्रुवारी
रोगी सगळे पिवळे. वा! पण निरोगींतले तिघे फिकट पिवळे आणि पाच नंबर गडद.
मॅडम म्हणाल्या, "अगं, एखादं शेपूट कमी पडलं असेल. अर्धवट साखर कुणालाही ओळखीची वाटते." आलेख पुन्हा काढला. शिखराच्या पायथ्याशी बारीक उंचवटा होता की. आनंदाच्या भरात माझ्या डोळ्यांना दिसलाच नाही.

१२ फेब्रुवारी
ये रे माझ्या मागल्या.

२३ फेब्रुवारी
साखर अजून भिजत घोंगडं. चिडचिड घरी घेऊन आले. दादाने उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं. आई ओरडली, "अरे, सांडशी घे!" तो म्हणाला, "भट्टीवाल्याला सांडशी कशाला?" मला दाखवून मिरवतो. मी बोटाला वाफ लागली तरी घर डोक्यावर घेते.

६ मार्च
नवी साखर स्वच्छ. उंचवटा नाही. तबकडीही स्वच्छ – पाच नंबर सोडून! बाकी निरोगी पांढरेशुभ्र आणि दादा हळदीसारखा पिवळा. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माणसासारखंच रक्तही हेकट.
घरी आल्यावर म्हटलं, "तुझ्यामुळे माझं काम अडलंय." तो म्हणाला, "मग दुसरा भाऊ बघ."

७ मार्च
मॅडमचं म्हणणं, पाच काढून टाक, दुसरं निरोगी रक्त घे. सोमवारी समिती बसणार. चाचणी दवाखान्यांत जाणार की इथेच संपणार, ते तेव्हाच ठरेल.
पाच काढला की कागदावर सगळं छान. पण निरोगी माणसाला ही चाचणी रोगी म्हणत असेल, तर बाहेर किती घरांत उगाच रडारड होईल? काढायला हात धजेना. एक दिवस मागितला. "घे. पण नुसता हट्ट नको," म्हणाल्या. नुसता हट्टच आहे की काय, मलाही कळेना.

८ मार्च
संध्याकाळी दादा पेपर वाचत बसला होता. करंगळीच्या खाली मोठा फोड, फुटलेला.
"हे कधी झालं?"
"कोण जाणे. आज ट्रे काढताना असेल."
"दुखत नाही?"
"छे गं. तिथे काही कळतच नाही हल्ली. बरंय की, भट्टीला सोयीचं."
आई हसली. मला हसू आलं नाही. त्याचा हात धरून किती वेळ बसले होते. तो म्हणाला, "काय गं, भविष्य बघतेस?"
खूप भीती वाटली. उद्या त्याला डॉक्टरांकडे नेणार. समितीचं काय व्हायचं ते होवो.

९ मार्च
डॉक्टरांनी दादाला डोळे मिटायला लावून हातावर कापसाचं टोक फिरवलं. करंगळीच्या बाजूला टेकवलं तेव्हा तो विचारत होता, "कधी लावताय?" दंडावर मागे एक फिकट चट्टाही निघाला. कुष्ठच. पण सुरुवात आहे. गोळ्यांनी पूर्ण बरा होईल, बोटं वाकडी व्हायच्या आत आलात, म्हणाले. पहिली गोळी तिथेच घेतली.
मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "पाच काढू नकोस. त्याची रांग बदल. समितीचं मी बघते." परतताना प्रयोगशाळेत शिरले आणि दादाची नळी निरोगींतून उचलून पलीकडच्या रांगेत ठेवली. त्याच्या बाबतीत चाचणी पहिल्या दिवसापासून बरोबर होती.
दादा दारात उभा होता. म्हणाला, "आता तरी तुझं काम पुढे जाईल ना गं?"