विहिरींचं कलम

प्रिय दादा,

माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील, की ही फोन सोडून पत्रं कधीपासून लिहायला लागली. आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीतच आहे. तुझा गुडघा, माझे प्रवास, वहिनीचं ब्लड प्रेशर, मग दोघंही गप्प, आणि मग "बरं, ठेवू का?" त्यात एवढं सगळं मावणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. कामाच्या दिवशी भरदुपारी मी घरात आहे, यावरूनच काहीतरी बिनसलंय हे तू ओळखशील. मी आजारी नाही. तेवढी काळजी करू नकोस.

मी नेमकं काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मला सांगायची मुभा नव्हती. शेजारच्या काकूंना तर अजून वाटतं की मी पासपोर्टच्या ऑफिसात आहे. त्यांच्या भाच्याचा अर्ज अडकला की त्या हक्काने बेल वाजवतात आणि मीही "बघते हं" म्हणते. सुरक्षेचे करार करणाऱ्यांत मी आहे, एवढं तुला ठाऊक होतं. पण "करार करते" म्हटलं की डोळ्यासमोर सह्या, हस्तांदोलनं, फोटो येतात. तसं काही नसतं रे. लांबलचक टेबल असतं, पडदे ओढलेले असतात, फोन दाराबाहेरच्या पेटीत ठेवावे लागतात. कानाला यंत्र लावून आपण दुभाषीचा आवाज ऐकायचा आणि बघायचं मात्र समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. मसुद्यात जे शब्द ठरलेले नसतात त्यांच्याभोवती कंस असतात. ते कंस काढणं हे माझं काम. "देण्यात येईल" की "देता येईल" यावर आम्ही आख्खा आठवडा घालवलाय. आमच्या ऑफिसात मला पाठीमागे "स्वल्पविराम" म्हणतात. एका स्वल्पविरामावरून मी दोन देशांना जेवायला उशीर केला होता, तेव्हापासून.

या कामाने माणूस एकटा कसा पडतो, ते हळूहळू कळतं. दिवसभर मी मोजून बोलते, आणि घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं. असतं तरी काय बोलणार? लग्नकार्यांत लोक विचारायचे, "काय नवीन?" मी म्हणायचे, "काही नाही." मग लोकांनी विचारायचं सोडलं. त्यांचं चुकलं नाही. बंद दुकानाची कडी किती वेळा वाजवायची.

गंमत अशी की मला सगळ्यात नीट ओळखणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसायचा. त्यांच्या बाजूचे मुख्य. आम्ही त्यांना "मास्तर" म्हणायचो, कारण ते स्वतःच्याच लोकांचं व्याकरण सगळ्यांदेखत सुधारायचे. उंच, वाकलेले, कोटाला खडूची धूळ लागली असावी असे दिसणारे. चष्मा काढून पुसायला लागले की समजावं, आता ते थोडे नमणार. मी खुर्ची पुढे ओढली की आता ही अडून बसणार, हे त्यांना कळायचं. टेबलावर आम्ही आपापल्या भाषेत भांडायचो. सुट्टीत व्हरांड्यात गाठ पडली की दोघांनाही परकी असलेल्या तिसऱ्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलायचो, आणि तिथे मात्र मास्तरांच्या चुका माझ्यापेक्षा जास्त असायच्या.

हा करार सीमेवरच्या त्याच पट्ट्याचा होता, दादा. तुझ्या पट्ट्याचा. त्यात पेरलेले सुरुंग काढायचे, दोन्हीकडच्या चौक्या मागे घ्यायच्या, आणि मधल्या गावांना त्यांची शेतं परत द्यायची. ही फाइल मला दिली तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "घरचं काही मध्ये येणार नाही ना?" मी नाही म्हणाले. तुला सांगितलं नाही, कारण सांगून तुला रोज तिथे परत नेलं असतं.

अडलं होतं ते सुरुंगांच्या नकाशांवर आणि विहिरींवर. नकाशे त्यांच्याकडे. विहिरी रेषेच्या आपल्या अंगाला, अगदी लागून, पण तिथलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची गुरं आणि माणसं पीत आलेली. सगळं एकदम ठरेल तेव्हाच नकाशे द्यायचे, असा त्यांच्या सरकारचा हुकूम. तोवर पावसाळा आला असता. पाण्याने माती हलली की सुरुंग जागा सोडतात, मग नकाशा असून नसून सारखाच. व्हरांड्यात मास्तर मला म्हणाले, "नकाशे मी आधी मिळवून देतो. विहिरी दोन्हीकडच्यांना खुल्या राहतील, असा तुमचा शब्द द्या. आत्ता लिहायला गेलो तर माझेच लोक म्हणतील की मी सौदा केला, आणि नकाशेही अडकतील." मी साहेबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. मी शब्द दिला. पुढच्याच बैठकीला नकाशे आले.

ते टेबलावर पसरले तेव्हा मी तुझी जागा शोधली. ओढा, वळण, त्याच्या वरची टेकडी. एक बारीक काळा ठिपका होता. माझं बोट त्यावर किती वेळ राहिलं कोण जाणे. मास्तर बघत होते. नंतर बाहेर त्यांनी विचारलं, "कुणी ओळखीचं?" मी म्हटलं, "भाऊ. पाय गेला." ते आत निघून गेले. मला वाटलं विषय संपला. पण त्यानंतर प्रत्येक फेरीत, पहिल्या दिवशी, ते कुणी आसपास नाही असं बघून विचारायचे, "भाऊ कसे आहेत?" नवा पाय बसवल्यावर तू बागेपर्यंत काठीशिवाय जाऊन आलास, हे आई गेल्यावर मी ज्या एकाच माणसाला आनंदाने सांगितलं, तो हा. तू त्यांना कधी पाहिलं नाहीस. त्यांना मात्र तुझा जिना कुठे अवघड आहे हेसुद्धा माहीत होतं.

गेल्या महिन्यात शेवटच्या फेरीला गेले, तर त्यांच्या खुर्चीसमोरची नावाची पट्टी वेगळी होती. एक तरतरीत, नीटनेटका नवा माणूस बसला होता. दुभाषीने हळूच सांगितलं, मास्तर आठवड्यापूर्वी गेले. हृदयविकार. आम्ही सगळे उभे राहिलो, मग खाली बसलो, आणि पहिलं कलम वाचायला घेतलं. दुःख कुठल्या नात्याने करायचं, तेच कळेना.

सुट्टीत साहेबांनी मला बाजूला घेतलं. नव्या माणसाला विहिरींबद्दलच्या शब्दाचं काही ठाऊक दिसत नाही, म्हणाले. "आता ते कलम गाळू. नकाशे आपल्याकडे आलेच आहेत."

मी म्हटलं, "शब्द दिलाय, साहेब."

"कागदावर आहे?"

"नाही. पण तुम्ही हो म्हणाला होतात."

"मी मान हलवली होती," ते म्हणाले. "दिला कुणाला होता शब्द? तो माणूस तर गेला."

साहेब वाईट नाहीत, दादा. त्यांच्याही वर माणसं आहेत. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की गप्प बसावं. नुसतं गप्प बसायचं होतं. मला ते इतकं चांगलं जमतं.

आत गेलो. नव्या माणसाने विहिरींचं, अजून कंसातच असलेलं कलम वाचलं आणि आमची भूमिका विचारली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "यावर आमचा शब्द आधीच दिलेला आहे. विहिरी दोन्हीकडच्यांना खुल्या राहतील." दुभाषी थांबली. मी बरोबर ऐकलं ना, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तिने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. टेबलावर बोललेलं इतिवृत्तात जातं, ते मागे घेता येत नाही. कंस निघाले. संध्याकाळी मला परत बोलावल्याचा निरोप आला. आता ऑफिसात यायचं नाही, चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, असं आहे. मास्तरांच्या घरच्यांना दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटलं. त्याची परवानगी मिळणार नाही, म्हणून विचारलं नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते. या आठवड्यात करार जाहीर होईल, आणि विहिरी कुणी सोडल्या तेही बाहेर येईल. ऑफिसातला एकजण अजून माझ्याशी बोलतो. त्याने काल सांगितलं की एका वर्तमानपत्राला तुझा पत्ता मिळालाय. सीमेवर पाय गमावलेला भाऊ आणि पलीकडच्यांना पाणी देऊन आलेली बहीण, अशी बातमी त्यांना हवी आहे. ते तुझ्या दाराशी येतील. तुझे पलटणीतले मित्रही येतील, ते तर जास्त बोलतील. मी काय केलं हे तुला त्यांच्या तोंडून कळायला नको होतं. त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव. राग आला असेल तर राग सांग. त्या पट्ट्याबद्दल बोलायचा तुझ्याइतका हक्क कुणालाच नाही, मलाही नाही. बहीण म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. फक्त जे सांगशील ते छापून येण्याआधी मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, कसंही असलं तरी. मी घरीच आहे, दिवसभर.

तुझीच,
धाकटी