उन्हातलं कालवण

गोरखपूर, जबलपूर
ता. २९ एप्रिल १९४५

सौ. विहीणबाई सत्यभामाबाईंना नर्मदेचा नमस्कार.

नागपूरचं ऊन तुमचं तुम्हाला लखलाभ, इथं आमचं आम्हाला पुरून उरते. लढाई संपत आली म्हणतात, पण तोफगाड्यांच्या फॅक्टरीचा भोंगा काही थांबत नाही. तुमची शैलजा बरी आहे. आता अंगणात शेवया वाळू घालून राहिली, म्हणून मला हे पत्र लिहायला मिळालं. तिला यातलं काही कळवायचं नाही, एवढं आधीच सांगते.

गेल्या आठवड्यात एका दुपारी दारात एक फौजी उभा राहिला. अंबादास नाव, अकोल्याकडचा. माझ्या नीलकंठसोबत इटलीत लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होता. डावा हात गळ्यात अडकवलेला. रजा मिळून बोटीनं मुंबईला उतरला, घरी निघाला, पण आधी इथं आला. विहीणबाई, मुंबईहून अकोल्याला जायला जबलपूर लागत नाही, एवढं मलाही समजते. मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. दिवाळीनंतर तार आली, तेव्हापासून 'बेपत्ता' या एका शब्दावर आम्ही दोघी जगून राहिलो हो.

पाणी पिऊन तो म्हणाला, "आई, तुमच्याशी बोलायचं होतं." शैलजा दाराशीच उभी. मी म्हटलं, "बोलशील रे बाप्पा, आधी तिकडं काय खात होते ते सांग." पोट्टा गडबडला. मग सांगू लागला, की उन्हाळ्यात त्यांची छावणी एका खेड्याजवळ होती आणि तिथल्या म्हातारीनं नीलकंठला टमाटरचं कालवण शिकवलं होतं. चूल पेटवायचीच नाही, सगळं कच्चं. म्हातारीच्या दारात तुळशीसारखंच एक झाड होतं. आपला शहाणा रोज सकाळी त्याला हात जोडे, आणि म्हातारी त्यातलीच पानं तोडून लसणात टाके! शैलजा इतकी हसली, की किती महिन्यांनी मी तिचे दात पाहिले.

मला ते हसू सोडवेना. तेवढ्यात पनागरची अंजनी भाजीची टोपली घेऊन आली. टमाटर होते, पण संपत आलेले, मऊ पडलेले. अंबादास म्हणाला, असेच पाहिजेत. मी म्हटलं, "चलो, मग होऊन जाऊ दे."

त्याचा हात चालत नव्हता, म्हणून तो सांगत गेला आणि शैलजा करत गेली. टमाटर हातानंच फाडायचे, बिया पिळून काढायच्या, मीठ, ठेचलेला लसूण, वरून कच्चं तेल. तिकडं कुठल्या फळाचं तेल घालतात, आम्ही तिळाचं घातलं. आणि तुळस! माझ्या सासूबाई असत्या तर घर धुऊन काढलं असतं. मीच उठून पानं खुडून आणली.

मग म्हणे झाकून उन्हात ठेवायचं, म्हणजे मुरते. "किती वेळ?" "तासभर, आई." मी म्हटलं, "दोन तास राहू दे, काय घाई आहे?" ते मुरत होतं तोवर माझा मुलगा बेपत्ताच होता.

भांडं उन्हात ठेवायच्या आधी अंबादास म्हणाला, "वहिनी, आईंचा वाटा लसणाशिवाय वेगळा काढा. त्यानं मला बजावून ठेवलं होतं, तुला करायची वेळ आली तर विसरू नको." शैलजा लाजली, म्हणाली, "पाहा ना सासूबाई, तिकडंही तुमची आठवण!" मला मात्र हसू आलं नाही. जो स्वतः घरी येणार आहे तो दुसऱ्याला असं काहून बजावीन?

ती शेवया उकडायला आत गेली आणि त्यानं सांगितलं. बंद पडलेली मोटार ओढून आणायला दोघं गेले होते. रस्त्यात सुरुंग होता. नीलकंठ त्याच्या मांडीवर गेला. त्याच रात्री आपल्या फौजेला ती जागा सोडावी लागली आणि हा कितीतरी दिवस दवाखान्यात बेशुद्ध, म्हणून कागदावर 'बेपत्ता' पडलं. पुढं काही बोलणार तोच मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "पोरीला आधी जेवू दे."

शेवयांवर टमाटर! तुम्ही ऐकून नाक मुरडाल. शैलजानं दोनदा वाढून घेतलं. मीही खाल्लं. चांगलं लागलं हो, त्याचीच मला लाज वाटते.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. तेव्हापासून ही रोज अंजनीकडून टमाटर घेते. म्हणते, "हात बसला पाहिजे. ते आले की म्हणतील म्हातारीसारखं झालं नाही." मी रोज खाते आणि छान झालं म्हणते. माझा एकुलता एक पोरगा गेला, विहीणबाई, आणि मला घरात रडताही येत नाही.

मी भित्री नाही, तुम्ही ओळखता मला. पण हे माझ्या तोंडून निघत नाही. नीलकंठचे वडील गेले तेव्हा आळीतल्या बायका आल्या, मला पाटावर बसवलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. लहानगा नीलकंठ दाराआडून पाहत होता. त्यांच्यापैकी दोघी अजून इथंच राहतात. शैलजाला मी त्यांच्या हाती देणार नाही. तुम्ही म्हणाल, रीत आहे. इतकी वर्षं ती रीत मी पाळली, ती काय असते ते मला विचारा.

म्हणून तुम्ही या. तिला तुमच्या कुशीत ऐकू द्या, मी दार लावून उभी राहीन. आणि येताना नेहमीसारख्या तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणा. तुम्ही रिकाम्या हातानं आलात, तर आपण तोंड उघडायच्या आधीच पोर समजून जाईल. तुमच्या हातानं भरा. त्यानंतर त्या कुणी काढायच्या नाहीत.

अजूनही तुमची विहीण,
नर्मदा